कपबशीच्या जागी काय येतंय

मनुष्य जे आहे त्यात बसत नाही. जे जाणार आहे असं कळतं, त्यात बसायला रांग लावतो. हा नियम घराला लागू आहे, नात्याला लागू आहे आणि करमणूक उद्यानातल्या पाळण्यांना तर फारच लागू आहे. आमचा ‘पाळणा विचार मंच’ या एकाच सत्यावर उभा आहे. (मंच म्हणजे मोबाइलवरचा गट. प्रत्यक्षात उभं राहायला आमच्याकडे जागा नाही.)

शहराच्या टोकाला जे उद्यान आहे, तिथला कोणता पाळणा काढणार आणि त्या जागी नवीन काय येणार, हे व्यवस्थापनाला कळायच्या आत ओळखणं, हे मंचाचं कार्य. पाळण्यात बसणं या कार्यात मोडत नाही. आमच्यातल्या ज्येष्ठांनी कित्येक वर्षांत उद्यानाचं तिकीट काढलेलं नाही, आणि सर्वांत ज्येष्ठ सदस्याला तर नुसत्या फिरत्या खुर्चीनेही गरगरतं. अभ्यासकाने विषयापासून अंतर राखावं, ते असं.

मंचाने आजवर केलेली शंभर टक्के भाकितं खरी ठरली आहेत. (जी ठरली नाहीत, ती अजून ठरायची आहेत.)

अलीकडेच उद्यानातली जुनी कपबशी काढली. मोठाल्या कपांत माणसं बसतात, कप आपल्याभोवती फिरतात आणि खालची बशी सगळ्यांना घेऊन फिरते, तो पाळणा. ती जागा आता चहूबाजूंनी हिरव्या पत्र्यांनी बंद आहे आणि आत काय येतंय याबद्दल बाहेर वाट्टेल ते बोललं जातंय. मला मात्र ते पक्कं ठाऊक आहे. माझ्या या डोळ्यांनी मी पाहिलं आहे, आणि माझं चष्म्याचं दुकान असल्यामुळे डोळ्यांबद्दल मी सहसा चुकत नाही. शेवटी सांगतो. जरा धीर धरा.

मंचात दोन पंथ आहेत. पत्रापंथी म्हणतात, पत्रा लागला की पाळणा गेला. खड्डापंथी म्हणतात, पत्रा काय, कोणीही लावतं, खड्डा दाखवा. पत्रापंथाचे प्रमुख पेशाने जमीन मोजतात, म्हणून त्यांना आम्ही मोजणीदार म्हणतो. पत्र्याच्या उंचीवरून ते आत येणाऱ्या पाळण्याची उंची सांगतात. खड्डापंथाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत; पोकळी दिसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. समोरचा तोंड उघडून पडलेला असतो तेव्हा ते मंचावरचे सगळे संदेश वाचून काढतात. आजवर एकाही रोग्याने हरकत घेतलेली नाही.

मी दोन्ही पंथांना सारखाच मान देतो, कारण मी मंचाचा चालक आहे. हे पद मला विद्वत्तेमुळे मिळालं असं मी म्हणत नाही. मिळालं ते साडूंमुळे.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ती कपबशी चालवायचे. लग्नाआधीपासून चालवायचे. उद्यानाचा एक साधा, सुटसुटीत नियम आहे: पाळणा निघाला की पाळणेवालाही निघाला. त्यामुळे कपबशी राहते की जाते हा आमच्यासाठी चर्चेचा विषय होता, तर साडूंसाठी घर चालण्याचा. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि या वयात दुसरीकडे कोण घेतंय. माणूस एखाद्या विषयाला इतका चिकटलेला असला की त्याच्याकडून तटस्थ विचाराची अपेक्षा करता येत नाही. पण सूत्र म्हणून असा माणूस सोन्यासारखा. लोक बातमीसाठी उद्यानाच्या फाटकाशी ताटकळत राहतात. माझी बातमी दर रविवारी माझ्याच घरी जेवायला यायची.

अशाच एका रविवारी साडू हात धुताना सहज म्हणाले, “तेलाचा डबा संपलाय. मागवलाय, येईल दोन दिवसांत. तोवर कप जरा कुरकुरणार.”

मी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन मंचावर टाकलं: ‘कपबशीचं तेल बंद. सूत्र अत्यंत जवळचं.’ (मागवलाय हा भाग मी गाळला. बातमीत पाल्हाळ नको.)

सुतावरून स्वर्ग गाठायला लोकांना निदान सूत लागतं. आमचं तेलावर भागलं. जेवणं उरकेपर्यंत मोजणीदारांनी बशीचा व्यास काढला आणि एवढ्या वर्तुळात जगात फक्त एकच गोष्ट मावते, हे सिद्ध केलं: माणसांना उंचावर नेऊन, क्षणभर विचार करायला लावून, मग जमिनीखाली सोडणारा मनोरा. डॉक्टरांनी त्याला ‘पाताळझेप’ असं नाव दिलं आणि रात्री बसून रंगीत चित्रही काढलं. चित्र सुरेख होतं. त्यात पडणाऱ्या माणसांचे दातसुद्धा मोजता येत होते.

चित्र फिरलं. लोक कपबशीचे शेवटचे फोटो काढायला येऊ लागले. फुलांचा वाफा तुडवला जायला लागला, तेव्हा उद्यानाच्या व्यवस्थापकांनी वाफ्याभोवती चार पत्रे ठोकले.

पत्रे! हातच्या काकणाला आरसा कशाला? मंचावर पत्रापंथीयांनी विजयोत्सव केला. खड्डापंथीही नरमले, कारण पत्र्याचे खांब रोवायला खड्डे करावे लागले होते. मंचाच्या इतिहासात दोन्ही पंथ एकमताने बोलले असा हा पहिलाच प्रसंग, आणि तो माझ्या कारकिर्दीत घडला.

माझी बायको विद्वान नाही. ती म्हणाली, “अहो, भावजींना विचारा ना सरळ. रोज तिथेच असतात ते.”

“त्यांना काय माहीत? ते फक्त चालवतात,” मी म्हणालो.

“मग निदान त्यांना घ्या तरी तुमच्या त्या गटात. ताई रात्ररात्र जागी असते. काय चाललंय ते कळू दे बिचाऱ्यांना.”

घरची भांडणं मला आवडत नाहीत, म्हणून साडूंना सदस्य करून घेतलं. त्यांचा पहिला संदेश मी इथे जसाच्या तसा देतो: ‘नमस्कार मंडळी. मी कपबशीवर असतो. ती खरंच काढणार आहेत का? मला कोणी काही बोललेलं नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगावं, घरी सगळे काळजीत आहेत.’

मोजणीदारांनी विचारलं, ‘तुमचा स्रोत?’

डॉक्टरांनी सौम्यपणे सुचवलं की नवीन सदस्यांनी आधी जुने संदेश वाचावेत.

साडूंनी दुसऱ्या दिवशी तेलाच्या नव्या डब्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘तेल आलं. कप छान फिरतायत. या एकदा बसायला.’ मंचाने या फोटोची कसून छाननी केली. डबा अति नवा होता. झाकणावर धूळ नव्हती. जो पाळणा काढायचाय त्याला कोणी नवं तेल आणील का? नाही. म्हणजे हा डबा दाखवण्यापुरता आणला होता. आणि दाखवायचा आहे, म्हणजे काहीतरी लपवायचं आहे. अशा रीतीने तेल नसणं हा जसा पुरावा होता, तसं तेल असणं हा त्याहून भक्कम पुरावा ठरला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते आमच्याबद्दल नव्हे. आमचा घडा सगळीकडून उघडा आहे.

मंचाच्या नियमानुसार, ज्याचा विषयाशी स्वार्थ गुंतला आहे त्याला सदस्य राहता येत नाही. साडूंना काढावं लागलं. चालक या नात्याने बटण मलाच दाबायचं होतं. नात्यागोत्याकडे बघून मी कच खाल्ली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं? त्या रविवारी साडू जेवायला आले नाहीत. पोटदुखी असेल.

इकडे मंचाने ‘अखेरची फेरी’ जाहीर केली. लोटली हो माणसं. ज्यांनी दहा-दहा वर्षं कपबशीकडे वळून पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसत रांगेत उभे. एक गृहस्थ तर माझं बालपण या कपात गेलं म्हणून हुंदके देत होते. (ते या शहरात लग्नानंतर आले.) चार माणसांच्या कपात आठ-आठ बसली. साडू ओरडून दमले, “अहो, चारच बसा, दांडा नाही झेपायचा. ती कुठे जात नाहीये, उद्या या.”

उद्या या! भावनेच्या क्षणी माणसाने इतकं रुक्ष असू नये. अति तिथे माती हे खरं, पण श्रद्धांजलीत कसली आलीय अति. संध्याकाळी मधला दांडा कडकन मोडला आणि कपबशी थांबली. कोणाला खरचटलंही नाही, कारण साडूंनी वेळेत कळ ओढली. याची नोंद कुठेच झाली नाही, आणि मंचाच्या कार्यकक्षेत ती बसतही नाही.

आता व्यवस्थापकांनी मुख्य कार्यालयाला विचारलं, दुरुस्ती करू का? मुख्य कार्यालयात कोणालाच काही ठाऊक नव्हतं, पण तिथल्या साहेबांच्या मेव्हणीने पाताळझेपचं चित्र त्यांना दाखवलेलं होतं. त्यांना वाटलं, खालून ठरलेलं दिसतंय. त्यांनी कळवलं, ‘निघणाऱ्या पाळण्याची दुरुस्ती कशाला?’ व्यवस्थापकांना वाटलं, वरून ठरलेलं दिसतंय. त्यांनी माणसं बोलावली. तीन दिवसांत कपबशी उतरवली, पत्रे चारही बाजूंनी वाढवले, आणि बाहेर मोठा फलक लावला: ‘लवकरच!’ खाली डॉक्टरांचं चित्र.

निर्णय कोणीच घेतला नाही आणि तरी तो अमलात आला. लोकशाहीचं याहून शुद्ध रूप मला तरी माहीत नाही. मंचाची सदस्यसंख्या दुप्पट झाली. मोजणीदारांचा सत्कार झाला. डॉक्टरांकडे लोक दात बरे असतानाही जाऊ लागले. माझं एका सभागृहात ‘भाकितामागची साधना’ या विषयावर व्याख्यान झालं आणि शेवटी प्रश्नोत्तरं झाली. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: तिथे येतंय काय?

तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून परवा मी तिकीट काढून आत गेलो. (मंचाला हे कळू देऊ नका.) मागच्या बाजूच्या पत्र्याचा एक खिळा निघालेला आहे, कमरेइतक्या उंचीवर. खाली वाकलो, चष्मा काढला, डोळा भोकाला लावला आणि जे होतं ते स्वच्छ पाहिलं.

घरी आलो तो बायको दारातच होती. हल्ली ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण त्या दिवशी तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, “ताईकडून आत्ताच आले. भावजींचं कळलं का तुम्हाला? त्यांनी...”

नेमका त्याच वेळी मोजणीदारांचा संदेश आला: उद्यानातल्या मोठ्या चक्राखालचे दिवे बंद आहेत. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी आतल्या खोलीत गेलो. बाहेर आलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, उगाच पुन्हा विषय नको.

असो. इथवर वाचलंत, आभारी आहे. आता पान संपत आलं आहे आणि सांगण्यासारख्या गोष्टी दोन उरल्या आहेत: खिळ्याच्या भोकातून मला काय दिसलं, आणि बायको साडूंबद्दल काय सांगत होती. दुसरी हवी असेल तर बायकोला विचारून येतो; ती शेजारच्याच खोलीत आहे. जागा एकाच गोष्टीपुरती आहे, तेव्हा तुम्ही म्हणाल ती सांगतो.

वाटलंच होतं. आत काहीच नाही. गवत आहे आणि एक पालथा कप. तुमचं नाव मी मंचात घातलं आहे.