फक्त कोपऱ्यापर्यंत

"डोंगर पहिली, बर्फ दुसरी, बेट तिसरी," कपात दूध ओतता ओतता मास्तरांनी निकाल जाहीर केला.

"अहो, आधी तिसरीच्या कपात दूध तरी पडू द्या. टेबलाला पाजताय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

डोंगर, बर्फ आणि बेट म्हणजे तीन निरनिराळ्या देशांतून लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी आलेल्या तीन मुली, सोळा-सतरा वर्षांच्या. त्यांना आईबापांनी ठेवलेली चांगली नावं होती. पण मास्तर ती उच्चारायला लागले की घास अडकला की काय, म्हणून मुली पाण्याचा पेला पुढे करायच्या. मग मास्तरांनी देशावरून नावं पाडली. एकीचा देश डोंगराळ, दुसरीचा बर्फाळ, तिसरीचा चहूबाजूंनी पाण्यात. मुलींनाही ती नावं आवडली असावीत. कुणी "बेट" म्हटलं की बेट हात वर करायची.

मास्तर हे शाळेतले ड्रिलमास्तर. अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांना पळवण्यात घालवली. स्वतः मात्र मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभे. देवाने दिलेले पाय जसे दिले तसेच जपून त्याला परत करायचे, असा त्यांचा बेत असावा. पण पळणाऱ्याची पारख आपल्यासारखी कुणाला नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "डोंगरावर हवा विरळ, म्हणून हिचा दमसास मोठा. बर्फात पाय रुततो, म्हणून हिच्यात चिकाटी. आणि बेटावर वारा फार, म्हणून ही अंगाने हलकी. दमसास, चिकाटी, हलकेपणा. याच क्रमाने नंबर लागणार."

"तुमची डोंगर आपल्या गॅलरीच्या कठड्याजवळसुद्धा जात नाही. डोळे फिरतात तिचे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि बर्फने आल्यापासून स्वेटर काढलेला नाही."

"तपशील आहेत ते," मास्तर म्हणाले.

या मुली घरात राहायला आल्या त्या मास्तरांच्या अक्कामुळे. अक्का म्हणजे थोरली बहीण आणि स्पर्धेची प्रमुख. भाऊ म्हणून तिचा मास्तरांवर जीव होता आणि भाऊ म्हणूनच भरवसा नव्हता. आदल्या दिवशी ती दारातच बजावून गेली होती, "शर्यत उद्या संध्याकाळी आहे. तोवर मुलींनी पाय राखायचे. पळणं सोड, जिनासुद्धा उतरायचा नाही. काही वेडंवाकडं झालं तर शर्यत संपल्याबरोबर तिघींना वसतिगृहात हलवीन."

हे शेवटचं वाक्य दोघांच्याही काळजात रुतलं होतं. शर्यतीनंतर आठवडाभर मुली इथेच राहायच्या होत्या. स्वतःची लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्या घरात दाराशी चपलांचे दोनच जोड असायचे. आता तिथे बुटांचा ढीग पडला होता. मास्तर येता-जाता त्याला अडखळत आणि खूश होत.

आता हे सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मास्तरीणबाई आंघोळीला गेल्या आणि शेजारचे औषधवाले पेपर मागायला आले.

"काय मास्तर, कोण जिंकणार?"

मास्तरांनी दमसास, चिकाटी, हलकेपणा पुन्हा सांगितलं.

"पळताना बघितलंय का त्यांना?"

"बघायची गरज काय?"

"नाही, म्हणजे नाडी न बघता औषध दिल्यासारखं झालं."

"तुम्ही दुकानात दुसरं काय करता?" मास्तर म्हणाले खरे, पण शब्द लागला. शिट्टी गळ्यात अडकवून ते उठले. "चला खाली. एकीला फक्त कोपऱ्यापर्यंत पळवून दाखवतो. अक्काला कळायचंही नाही."

त्यांनी डोंगरला खुणेने सांगितलं: इमारतीला एक फेरी, की परत. कालपासून घरात कोंडलेली ती पोर दावं सुटलेल्या वासरासारखी निघाली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

इमारतीच्या मागे नळासाठी रस्ता खणून ठेवला होता, हे मास्तर विसरले होते. मास्तर फाटकात उभे राहिले. मग फाटकाबाहेर. मग कोपऱ्यावर. शेवटी मोठ्या रस्त्यावर, दूर, डोंगर दिसली. वाट चुकून बिचारी पाट्या वाचत चालत होती.

"सापडली," औषधवाले म्हणाले. "हाक मारा."

एवढ्या लांब हाक पोचणार नव्हती. बाकीच्या दोघी मागोमाग उतरून फाटकात उभ्या होत्या. मास्तरांनी बर्फला बोलावलं, बोटाने डोंगर दाखवली आणि हाताने 'घेऊन ये' अशी खूण केली. बर्फने मान डोलावली, स्वेटर औषधवाल्यांच्या हातात दिला आणि धावत सुटली.

इथेच घोटाळा झाला. मागे पावलं वाजली म्हणून डोंगरने वळून पाहिलं. तिला काय दिसलं? जिच्याशी संध्याकाळी गाठ, तीच पोरगी वाऱ्यासारखी अंगावर येतेय. असं दिसल्यावर तुम्ही-आम्ही थांबून विचारू, काय गं, काय झालं? पण लहानपणापासून जिने कुणाला पुढे जाऊ दिलेलं नाही, तिचे पाय असले प्रश्न विचारत बसत नाहीत. डोंगर पळाली. ती पळाली म्हणून बर्फ आणखी जोरात पळाली.

"आता ही दुसरीही गेली," औषधवाले म्हणाले.

"बेट!" मास्तरांनी हाक मारली. बेटने हात वर केला. "त्या दोघींना आण."

"मास्तर, थांबा. आग विझवायला तुम्ही तेल पाठवताय—"

पण तेल निघून गेलं होतं.

आता मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. अक्काचा चेहरा आणि दाराशी उरलेले दोन जोड, दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे आले. औषधवाल्यांनी स्कूटर काढली, मास्तर मागे बसले आणि वरातीमागून घोडं निघालं.

तो रस्ता सरळ क्रीडांगणाकडे जायचा आणि त्यावर खांबाखांबाला शर्यतीच्या जाहिराती लावलेल्या होत्या. संध्याकाळची वेळ वाचण्याइतकी सवड कुणाला असते? तीन परदेशी मुली जिवाच्या कराराने पळताना दिसल्या, तेव्हा लोकांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. फळवाला टोपली सोडून टाळ्या पिटायला लागला. न्हावी बाहेर आला आणि त्याच्यामागे अर्ध्या गालावर फेस लावलेलं गिऱ्हाईकही. चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारून सगळी वाहनं अडवली आणि मुलींना वाट मोकळी करून दिली. मुलींनी ते पाहिलं. अडवलेला रस्ता, टाळ्या, दुतर्फा माणसं. तिघींचीही एकदमच खात्री पटली, की शर्यत सकाळवर आणलेली दिसते आणि ते भाषेमुळे आपल्याला कळलं नाही. इतका वेळ त्या नुसत्याच पळत होत्या. आता त्या जिंकायला पळू लागल्या.

पोलिसाने अडवलेल्या वाहनांत पहिली स्कूटर औषधवाल्यांची होती.

"सोडा आम्हाला," मास्तर म्हणाले. "त्या मुलींना थांबवायचंय."

"शर्यत चालू आहे, दिसत नाही?"

"अहो, ती शर्यत नाही!"

"मग पळतायत कशाला?"

मास्तर स्कूटरवरून खाली उतरले.

"पायी जायचं तर जा," पोलीस म्हणाला. "वाहन सोडणार नाही."

आणि मग त्या शहराने जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. मास्तरांनी चपला हातात घेतल्या आणि ते पळाले. देव भक्ताच्या पाठीशी असतो म्हणतात. त्या दिवशी तो बहुधा मुलींबरोबर पुढे गेला होता, कारण मास्तरांच्या पाठीशी फक्त त्यांची शिट्टी होती, गळ्यातून उडून मागे आपटणारी. लोकांनी त्यांनाही सोडलं नाही. "या काकांसाठी पण टाळ्या!" न्हाव्याने पाण्याचा फवारा मारला.

क्रीडांगणात अक्का कमानीखाली उभी होती. शेवटच्या रेषेवरची फीत नीट ताणली जाते का, ते दोन माणसं धरून दाखवत होती. फीत ताणली आणि त्याच क्षणी तिघी मुली तिच्यातून आरपार गेल्या. कोण पुढे होतं ते कुणालाच कळलं नाही. अक्का अजून फितीच्या तुकड्याकडे बघत होती, तेवढ्यात फाटकातून चपला हातात घेतलेला भाऊ आत आला आणि गवतावर आडवा झाला.

"काय ठरलं होतं आपलं?" अक्काने शांतपणे विचारलं.

"अक्के... फक्त... कोपऱ्यापर्यंत," मास्तर म्हणाले.

स्पर्धेची प्रमुख म्हणून अक्काला तिघींच्याही भाषा कामापुरत्या येत होत्या. तिने त्यांना बाजूला घेऊन विचारलं. मुली बोलत गेल्या, मास्तरांकडे बघत गेल्या आणि हसत गेल्या. अक्का परत आली.

"म्हणतात, रोज सकाळी पळायची सवय आहे, बसून बसून पाय आखडले होते. आता मोकळे झाले. संध्याकाळी पळणार म्हणतात."

"बघ, मी म्हणत नव्हतो?"

"तू गप्प बस. आणखी एक विचारतायत. चौथा आला तो कोण?"

"मी?"

"डोंगर म्हणते हात फार उडवतो. बर्फ म्हणते टाच आपटतो. बेटचं म्हणणं आहे, सुरुवात उशिरा केली, पण जिद्द आहे. होतकरू आहे." अक्काच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "संध्याकाळी एकीचा जरी पाय दुखला, तरी त्यांच्या पेट्या वसतिगृहात."

संध्याकाळी मास्तरांनी शर्यत पाहिली ती एका डोळ्याने. दुसरा त्यांनी मिटून घेतला होता आणि ओठ पुटपुटत होते. शेजारी मास्तरीणबाईंनी दोन्ही हात जोडलेले होते.

बेट पहिली आली, बर्फ दुसरी, डोंगर तिसरी.

"सगळा अंदाज उलटा," औषधवाले म्हणाले.

"उलटा कसा?" मास्तर म्हणाले. "तिन्ही बरोबर सांगितल्या. तुम्ही यादी खालून वाचा."

नंतर अक्काकडून कळलं, की डोंगर राहते तिच्या देशातल्या एकमेव सपाट शहरात आणि घरी लिफ्टने जाते. बेटावर एकच टेकडी आहे, आणि बेटची शाळा तिच्या माथ्यावर. मास्तरांनी हेही तपशिलात जमा केलं.

पेट्या हलल्या नाहीत. दाराशी बुटांचा ढीग तसाच राहिला. फक्त दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तरांच्या खोलीचं दार वाजलं. तिघी उभ्या होत्या. बेटच्या गळ्यात मास्तरांची शिट्टी होती, बर्फच्या हातात मास्तरांचे जुने कॅनव्हासचे बूट. डोंगरने खिडकीपासून जरा लांबूनच कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि हवेत एक फेरी काढली.

"मी?" मास्तर म्हणाले.

"जा की," पांघरुणातून मास्तरीणबाई म्हणाल्या. "होतकरू आहात."

बेटने फाटकातून शिट्टी फुंकली, मास्तर एकटेच गेले, आणि बराच वेळ झाला तरी परत येईनात. ते कोपऱ्यापलीकडच्या बाकावर बसून दम खात होते, पण हे घरी कुणाला ठाऊक? शेवटी काळजीने मास्तरीणबाईंनी गॅलरीतून शेजारी हाक मारली, "भाऊजी, जरा धावत जाऊन यांना घेऊन या ना."

मास्तर नुकतेच बाकावरून उठत होते. मागे पावलं वाजली. त्यांनी वळून पाहिलं, तर औषधवाले, हाफ पँटमध्ये, धावत अंगावर येत होते.

मास्तरांचे पाय काही विचारत बसले नाहीत.