याकूबचाचांचा खिळा

पेटीवरची याकूबचाचांची खडूची खूण मी ओल्या फडक्यानं पुसली आणि टेप लावून, बरोबर मधोमध, लाल रंगात नवी काढली. देखणी आली होती. मी तिचा मोबाइलवर फोटोही काढला.

लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिलची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. मशीन लहान असलं की ते कंटेनरमध्ये बसतं, दार लागतं, विषय संपतो. आफ्रिकेला चाललेलं हे धूड मात्र कुठल्याच कंटेनरात मावत नव्हतं. असला माल लाकडी पेटीत, सुटाच जातो. बंदरावर क्रेन पेटीला पट्टे घालून उचलते आणि जहाजाच्या पोटात सोडते. वजन कुठं तोलतं ते पेटीवरची खूण सांगते. पट्टे तिच्या दोन्ही बाजूंना घालायचे. या पेट्या बनवतात याकूबचाचा. इथं येण्याआधी त्यांनी मुंबईच्या गोदीत आयुष्य काढलं.

चाचांच्या हातात काहीही द्या, ते आधी बोटावर तोलून बघतात. छत्री, पानाची डबी, माझ्या लग्नाची पत्रिका. माझ्या पोरीच्या बारशाला तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाले, "वजन डोक्याकडं हाय. हुशार निघंल. मायवर गेलीय." टेबलाच्या कडेला कप दिसला की आत सरकवतात. "खाली मानूस असतो, भाऊसाब." खाली मांजरसुद्धा नसतं.

आणखी एक. पेटी जहाजावर चढायच्या दिवशी ते जेवणाचा डबा उघडत नाहीत. बंदरावरच्या एजंटाचा "चढली" असा फोन आला की मगच. आम्ही त्याला चाचांचा जादा रोजा म्हणायचो.

तर ट्रक सकाळी निघून गेला आणि दहाच्या चहाला मी कौतुकानं चाचांना फोटो दाखवला.

"माझी खूण कुठं गेली?"

"वाकडी होती चाचा. एका अंगाला गेलेली. नीट केली."

"मोटर कोन्या अंगाला हाय?"

मी बोट दाखवलं. ते एका अंगाला गेलं. डोक्याच्या आधी बोटालाच समजलं.

"तिकडं सगळं लोखंड, इकडं नुसता पत्रा. मधून उचलली तर कलंडंल. पट्ट्यातून निसटंल." चाचांनी कप आत सरकवला. "खाली कोन असंल?"

ड्रायव्हरचा फोन बंद. एजंट म्हणाला, "पेटीवर जिथं खूण, तिथंच पट्टा. क्रेनवाला फोनवरचं ऐकत नसतो."

मी मोटरसायकल काढली. मागं चाचा, मांडीत रंगाचा डबा आणि रंधा. एरवी बसल्याबसल्या "हळू" म्हणणारा माणूस आज तो शब्दच विसरला होता. रस्त्यातलं मुरूड मागं पडलं. पुढं दिसणारा प्रत्येक ट्रक आमचा वाटायचा आणि जवळ गेलं की उसाचा निघायचा. तिसऱ्या ढाब्यावर आमचा दिसला, तोही निघालेला. मी गाडी आडवी घातली.

"मरायचं असलं तर दुसऱ्या गाडीखाली मर की बाबा," ड्रायव्हर वरून म्हणाला.

चाचा या वयात ट्रकवर चढले. मी टेप पुढं केला, त्यांनी बघितलंही नाही. फळ्यांवरून बोटं फिरवत गेले आणि थांबले. "हाय." फळीत एक पितळी खिळा होता.

"पेटीखाली पाइप घालायचा, डुलवून डुलवून जागा काढायची आन् तितं खिळा मारायचा. खडू काय, शिकलेली मानसं पुसत्यात."

ड्रायव्हर हसला. मी रंगाचा डबा धरून उभा राहिलो. माझी देखणी खूण चाचांनी रंधा मारून काढली आणि खिळ्यापाशी नवी ओढली.

चौथ्या दिवशी पेटी चढणार होती. दुपारी चाचा स्टुलावर, समोर फोन, बाजूला बंद डबा. मीही जेवलो नाही. एक वाजला. दोन वाजले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चाचा, हा रोजा कधीपासून?"

"गोदीत एक पेटी आली व्हती. तुझ्यासारखीच मधोमध खूण. मनात आलं, एकदा डुलवून बघावी. पन भूक लागली व्हती. म्हटलं, आधी दोन घास खातो." डब्याच्या झाकणावरून त्यांनी बोट फिरवलं. "खाली गफूर व्हता. माझा धाकटा भाऊ."

मी फोन उचलून रेंज आहे का बघितली आणि परत ठेवला.

अडीचला तो वाजला. "चढली. जरासुद्धा कलली नाही," एजंट म्हणाला.

चाचांनी डबा उघडला. दोन भाकरी होत्या. एक बोटावर तोलली आणि अख्खी माझ्यापुढं ठेवली. मी तुकडा मोडला आणि हातातच धरला.

"चाचा, माझ्या खुणेनं आज खाली कोणी..."

"खा गुमान." ते चावता चावता मला वरपासून खालपर्यंत बघत होते, पेटी बघतात तसे. "तुला कधी जहाजावर चढवायचं झालं ना भाऊसाब, तर खूण पार कंबरंखाली लावावी लागंल. वर काय वजनच न्हाई."