ब्रिटाचं लोण्याचं नाक

"तीस वर्षं धारा काढल्यात मी! दोनशे लाथाळ गाई या हातांखाली शांत झाल्या. माणसाचा चेहरा तो काय! त्याला तर शिंगंसुद्धा नसतात!"

आर्लिस टोलेफ्सन हे सगळ्यांना सांगत असे. न विचारता सांगत असे. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने गाई विकल्या आणि ब्युटिशियनच्या शाळेत नाव घातलं. फेशियलचे, वॅक्सिंगचे आणि हात धुण्याचे मिळून सहाशे तास भरले. आता उरली होती फक्त राज्याच्या मंडळाची प्रात्यक्षिक परीक्षा, शुक्रवारी सकाळी नऊला. पास झाली की लायसन, आणि लायसन मिळालं की गावातल्या एकुलत्या एक पार्लरमधली खिडकीजवळची खुर्ची तिची. पार्लरवालीने ती सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती.

या परीक्षेला चेहरा आपला आपण न्यायचा असतो. माणसासकट. घरात नवऱ्याचा, वर्लिनचा, चेहरा आयता होता. पण मे महिन्यात आर्लिसने सरावासाठी त्याची डावी भुवई मेण लावून खेचली, ती काही पुन्हा उगवली नाही. तेव्हापासून तो जेवतानाही टोपी कानापर्यंत ओढून बसे.

"अरे, उजवी बाकी आहे अजून."

"राहू दे. एका बाजूने तरी लोक ओळखतात मला."

शेवटी भाची तयार झाली. ब्रिटा म्हणजे यंदाची जिल्ह्याची दूधराणी, गोठेवाल्यांनी स्पर्धेत निवडलेली. राज्याच्या जत्रेत तिला काचेच्या गारठ खोलीत सहा तास बसवून नव्वद पौंड लोण्यातून तिचं मुंडकं कोरलं होतं. ते दूधराणीने घरी न्यायचं आणि चर्चच्या मक्याच्या जेवणाला साऱ्या गावाने उकडलेल्या कणसांना लावून खायचं, अशी रीत. जेवण शनिवारी होतं. तोवर मुंडकं आर्लिसच्या गॅरेजमध्ये, कारण अख्खी गाय मावेल एवढा फ्रीझर तिच्याकडेच.

"आत्या, परीक्षेला येईन मी. पण माझ्या त्या लोण्याच्या डोक्याला काही झालं तर दुसरं कुणी बघ!"

"अगं, तुझं डोकं म्हणजे माझं डोकं!"

बुधवारी आर्लिस वाटाणे काढायला गेली आणि फ्रीझरचं झाकण उघडून तशीच उभी राहिली. असं गिऱ्हाईक शाळेतसुद्धा मिळालं नव्हतं. बोलत नाही, शिंकत नाही, घरी जायची घाई नाही! शिवाय परवा याच चेहऱ्याची परीक्षा. फक्त जरा कडक होतं.

तिने मुंडकं बाकावर घेतलं, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलं, हातमोजे चढवले आणि वाफेचं यंत्र लावलं. दोनच मिनिटं. पण नियम म्हणजे नियम, म्हणून मधल्या वेळात ती हात धुवायला गेली. मोजे काढून धुतले, पुसले, मंडळाला आवडतात तसे पुन्हा धुतले. परत आली तेव्हा नाक हनुवटीवर मुक्कामाला आलं होतं.

आर्लिस घाबरली नाही. तिने नाक दोन बोटांनी वर नेऊन बसवलं. ते डावीकडे झुकलं. मध्ये आणलं. आता सराव अर्धवट कशाला सोडायचा? गालांवरून दोन हात वर आणि एक चिमूट नाकाला. दोन हात वर, एक चिमूट नाकाला. संध्याकाळच्या जेवणापर्यंत तिचा हात मस्त बसला.

वर्लिन गॅरेजमध्ये आला. मुंडक्याभोवती फिरून पुन्हा समोर उभा राहिला.

"कोण ही?"

"ब्रिटा."

"हं," वर्लिन म्हणाला. "वेगळं आहे."

आमच्या गावात याहून मोठी शिवी नाही.

गुरुवारी ब्रिटा फोटो काढायला आली. गाडीचं दार वाजलं तशी आर्लिसने फ्रीझर उघडून कागदावरूनच अख्ख्या मुंडक्याला हिरवी माती फासली आणि डोळ्यांवर काकडी ठेवली.

"आत्या! हे काय?"

"फेशियल. हात लावू नको."

"लोण्याला?"

"शनिवारी सारा गाव बघणार तुला! चमक नको?"

ब्रिटाने विचार केला. दूधराणी असली तरी वय एकोणीसच होतं. "किती वेळ ठेवायचं?"

"दोन दिवस."

"माझ्याही चेहऱ्याला लावशील उद्या?" ब्रिटाने विचारलं.

शुक्रवारी परीक्षक बाई कागद लावलेली पाटी घेऊन बसल्या. त्यांना हसायला मनाई असते, आणि त्या मनाईत त्या सुखी दिसत होत्या. आर्लिसने हात धुतले, बाटल्या मांडल्या, टॉवेल कडेला कड लावून घातला. सगळं चोख. मग मालिश सुरू झालं. गालांवरून दोन हात वर. आणि एक चिमूट नाकाला.

"आत्या!"

"हलू नको! ओघळशील!"

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं. मग आणखी लिहिलं. मग पान उलटलं.

शनिवारी सकाळी निकाल आला. उत्तीर्ण! खाली शेरा: 'उमेदवाराने मॉडेलचं नाक अकरा वेळा जागेवर बसवलं. नाक मुळात जागेवरच होतं.'

दुपारी चर्चच्या तळघरात मुंडक्यावरचा कागद निघाला. ब्रिटा शेजारीच उभी होती. तिचं नाक लाल, सुजलेलं आणि लोण्याच्या नाकासारखंच किंचित डावीकडे. पाद्रीबाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लोण्याकडे.

"हुबेहूब!" ते म्हणाले.

ब्रिटाने सुरी उचलली, सगळ्यांत आधी नाक कापलं आणि आत्याच्या कणसाला फासलं. खोटं वाटत असेल तर मला विचारा. मी रांगेतच होतो. मला डावा कान आला.

सोमवारी खिडकीजवळच्या खुर्चीत पहिलं गिऱ्हाईक बसलं. वर्लिन. त्याने टोपी काढली.

"उजवी पण काढून टाक. निदान जोडी तरी जुळेल. पण आर्लिस, नाक..."

"अरे, नाक जागेवर आहे तुझं," आर्लिस म्हणाली.

आणि एकदा नीट बसवलं.