पाच नमस्कार, वीस बॉल

दारव्हा तालुक्यात आजवर बेसबॉलचा पिचिंग कोच एकच झाला, आणि तो मी. माझी कारकीर्द एकवीस दिवसांची होती. त्यातले वीस दिवस तर चांगलेच गेले.

तसा मी, सेवादास चव्हाण, कॉलेजात भूगोल शिकवतो. एक दिवस प्राचार्य स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "यवतमाळच्या कॉलेजच्या मुलींना बेसबॉलसाठी वेगळा पिचिंग कोच आहे म्हणे. आपल्याकडे काहून नाही?"

आमचे क्रीडाशिक्षक लखीराम सर एकटेच सगळे खेळ सांभाळायचे. त्यांनी मान खाली घातली. मी मात्र हात वर केला. तालुका क्रिकेट स्पर्धेत मी एका मॅचमध्ये पाच बळी घेतलेले होते. चेंडू तो चेंडूच, त्यात शिकण्यासारखं काय असतं?

पहिल्या दिवशी आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, सुरभी समोर आली. उंच, शांत, शेवटच्या वर्षाची मुलगी. आधीची दोन वर्षं कॉलेजची टीमच नव्हती, त्यामुळे विद्यापीठाच्या संघात जायची ही तिची एकमेव संधी होती. तिनं विचारलं, "सर, हात कोपरात वाकवायचा ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "कोपर वाकलं की नो-बॉल."

हात सरळ ठेवून तिनं चेंडू फेकला. तो कॅचरच्या डोक्यावरून, कुंपणावरून, मुलींच्या होस्टेलच्या कूलरमध्ये गेला. कूलर काही सेकंद वेगळ्याच आवाजात चालला आणि बंद पडला.

घरी जाऊन मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि हादरलो. या खेळात कोपर वाकवणं हाच तर सगळा धंदा होता! दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या हाताला हात लावला नाही. तिचं तिला चांगलं येत होतं. पण मग कोचनं करायचं काय? तर खुणा. व्हिडिओतले कोच बसल्या जागेवरून पिचरला खुणा करत होते, ते मला फार आवडलं.

मी चार खुणा ठरवल्या. कान धरला की जोरात. नाक धरलं की हळू. टोपीला हात लावला की खाली. आणि समोर फारच भारी बॅटर आली, तर तिच्याशी लढायचंच नाही. चारही चेंडू तिच्या आवाक्याबाहेर टाकायचे. तसे चार बॉल गेले की बॅटरला पहिला बेस, म्हणजे रनच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो, पण ती मोठा फटका तरी मारत नाही. तिला मानानं वाटेला लावायचं, म्हणून त्याची खूण मी ठेवली नमस्कार.

"आणि एक लक्षात ठेवा," मी सुरभीला आणि कॅचर ममताला बजावलं. "खूण म्हणजे हुकूम. त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"हो सर," दोघी म्हणाल्या.

एकविसाव्या दिवशी यवतमाळला मॅच झाली. विद्यापीठाच्या निवड समितीच्या एक मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. सुरभी अशी काही खेळली की मी स्वतःच थक्क झालो. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रननं पुढे होतो. समोरच्या दोघी बाद, बेस रिकामे. एक बाद झाली की जिंकलो.

तेवढ्यात मैदानाच्या गेटातून आमचे प्राचार्य आले. मी उठून नमस्कार केला. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वळून पाहतो तर बॅटर पहिल्या बेसवर उभी.

"हे काय झालं?" मी लखीराम सरांना विचारलं.

"चार बॉल बाहेर टाकले तिनं."

मला वाटलं, पोरगी घाबरली असेल. तोवर संस्थेचे अध्यक्ष आले. मी धावत जाऊन नमस्कार केला. परत येईपर्यंत दोन बेस भरलेले. अध्यक्षांच्या पत्नी वच्छलाबाई मागून येत होत्या, कारण त्यांची चप्पल चिखलात रुतली होती. त्या पोचल्या तसा त्यांनाही नमस्कार केला. तिन्ही बेस भरले.

आता मात्र पंचांची परवानगी घेऊन मी मैदानात गेलो.

"सुरभी, काय करून राह्यली तू?"

तिनं माझ्याकडे फार विचित्र नजरेनं पाहिलं. "तुम्ही सांगून राह्यले तेच करून राह्यली सर."

"सर, पण..." ममता मध्येच बोलली.

"पण नाही न् बिण नाही. मी सांगतो तेच करायचं. नजर माझ्यावर."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ऐटीत परत आलो. बघतो तर बक्षीस द्यायला बोलावलेले पाहुणे वेळेच्या आधीच हजर. आता त्यांना नमस्कार नको का करायला? केला. चार बॉल. बेस आधीच भरलेले, त्यामुळे सगळ्या एक एक बेस पुढे सरकल्या आणि तिसऱ्या बेसवरची होम प्लेटवर पोचून त्यांचा एक रन झाला. बरोबरी.

माझ्या हातात आता काहीच उरलं नव्हतं. मी डोळे मिटले, दोन्ही हात जोडले आणि जगदंबेला म्हणालो, आई, एवढी एक बॅटर बाद कर.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या मुली नाचत होत्या.

ममता ग्लोव्ह आपटत माझ्यापाशी आली. "सर, पाच बॅटर सोडून द्यायले लावल्या. कायले केला इतक्या वेळा नमस्कार?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ते अजून जोडलेलेच होते. पाच नमस्कार. वीस बॉल. मी खाली गवतातच बसलो.

सुरभी एकटीच बूट सोडत होती. रडत नव्हती. त्यानं मला जास्त भीती वाटली. पलीकडे निवड समितीच्या मॅडम वहीतल्या तिच्या नावावर आडवी रेघ मारत होत्या. मी धावत गेलो.

"मॅडम, तिची चूक नाही. ते वीसही बॉल मी टाकायला लावले."

"तुम्ही? कसे?"

मी सगळं सांगितलं. प्राचार्य मागेच उभे होते, अध्यक्षही. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे शेवटच्या इनिंगला, बेस भरत असताना, तिनं वीस चेंडू ठरवून एकाच जागी टाकले?"

"एकाच जागी. वीतभर बाहेर," मागून ममता म्हणाली.

मॅडमनी सुरभीला बोलावलं. ममताला ग्लोव्ह धरायला लावला, कधी वर, कधी खाली, कधी कोपऱ्यात. सुरभीनं दहा चेंडू टाकले. नऊ वेळा ममताला ग्लोव्ह हलवावाही लागला नाही. मॅडमनी वहीत तिचं नाव पुन्हा लिहिलं आणि विद्यापीठ संघाच्या शिबिराचा फॉर्म तिच्या हातात दिला.

प्राचार्य माझ्याशी यवतमाळ ते दारव्हा एक शब्द बोलले नाहीत. एसटीत सुरभी माझ्या शेजारच्या सीटवर बसून फॉर्म भरत होती. 'प्रशिक्षकाचे नाव' या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"सर, तुमचंच नाव लिहून राह्यली," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. "खरंच, सुरभी?"

"हो. फक्त शिबिराले येऊ नका."

मी गेलो नाही. त्या आठवड्यात मी मुलांना मान्सूनचे वारे शिकवले. चांगले शिकवतो मी ते.