अंधारकोठीच्या बॉयलर-दालनाची मोहीम

कोणी मोठ्या दरबारातून पुसिले नाही, कोणी इनाम कबूल केले नाही, तथापि भोपाळनजीक पिपलानीच्या मुलुखात जे घडले ते बुडू नये आणि मागाहून कोणी तिखटमीठ लावून सांगू नये, म्हणोन ही हकीकत साद्यंत लिहिली असे. वाचणारांनी चहा जवळ घेऊन बसावे. भुताखेतांचे भय बाळगू नये, कारण भय कोठे होते आणि कोठे नव्हते, हाच या मोहिमेतील मूळ तंटा होय.

तर राजश्री नीळकंठराव चिंचाळकर, सरकारी कारखान्यातील वाफेच्या चाचणीविभागाचे सुभेदार, वसाहतीत दुमजली क्वार्टरच्या वरल्या अंगास राहात. मूळचे विदर्भाचे, चाकरीनिमित्त भोपाळी आले आणि इकडचेच जाहले. पुरुष मोठा धीराचा. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला तरी यांच्या बशीतला चहा हिंदकळत नसे, ऐशी ख्याती. कुटुंब मनोरमाबाई निवर्तल्या आणि त्या घरात भांड्याचा आवाजदेखील जपून होऊ लागला. कन्या वैजयंतीबाई महाराणा प्रताप नगरातील एका कोचिंगात पदार्थविज्ञान शिकवीत आणि अवधपुरीस वेगळे बिऱ्हाड करून राहात. बाप-लेकीत वैर नव्हते, परंतु संभाषण म्हणावे तर "जेवलात का?" आणि "जेवलो, तू?" यापलीकडे स्वारी जात नसे, मग दोघेही पंख्याकडे पाहात बसत.

हे बाईंस सोसवेना. मग त्यांनी पदरमोड करून खेळाचे यंत्र आणिले आणि बापाच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली त्याची स्थापना केली, आणि सोबत एक विलायती भयखेळ आणिला, ज्याचे मूळ नाव कोणाच्या जिभेस चढेना, सबब घरात त्यास अंधारकोठी म्हणू लागले. दर रविवारी दुपारची जेवणे आटोपली म्हणजे मोहीम निघे. खालच्या क्वार्टरातील शंकर तिवारी, नीळकंठरावांच्याच विभागातील तंत्रज्ञ आणि भुतांचा परम शौकीन, बिनबोलावता कुमकेस येई, आणि येताना समोसे आणी, म्हणोन त्यास सरदारकी मिळाली.

पहिल्या भागात एक प्रेत मागे लागे, दुसऱ्या भागात दोन लागत. शंकर पाय वर घेऊन किंचाळे, बाई तोंडावर उशी धरीत, आणि नीळकंठराव मधोमध बसून, प्रेत पडद्यास नाक लावून उभे राहिले तरी, "याच्या पायात सेफ्टी शूज नाहीत" इतकेच फर्मावीत. लेकीची लहानपणापासून खात्री होती की आपल्या बापास भय हा पदार्थच ठाऊक नाही, आणि अंधारकोठीने त्या खात्रीवर शिक्कामोर्तब केले. अशा माणसाशी बोलावे तरी काय, हेही बाईंस लहानपणापासूनच कळत नसे.

मग तिसरा भाग आला आणि दुनियेत कहर माजला. कर्त्यांनी प्रेतांस रजा देऊन कोठी नुसती कोड्यांनी भरली होती. जिकडे पाहावे तिकडे कुलपे, तरफा, आरसे आणि नळ. मग इंटरनेटच्या मैदानात खेळाडूंच्या दोन फौजा समोरासमोर ठाकल्या आणि मतांच्या तोफा डागू लागल्या. एक फौज म्हणे, हा भयखेळ नव्हे, ही शाळेची परीक्षा, आमचे पैसे परत करा. दुसरी म्हणे, पळून पळून दम लागला होता, आता कोठे डोक्यास काम मिळाले, आणि शांततेइतके भेसूर दुसरे काय आहे. पहिली फौज संख्येने दांडगी, दुसरी जिभेने.

पिपलानीतही फितुरी जाहली. शंकर पहिल्याच रविवारी बोलला, "ये क्या है साहब, भूत छुट्टी पे गया और हमको पेपर पकड़ा दिया." वैजयंतीबाईंनी तर भर मैदानात जाऊन खेळास एकच तारा बहाल केला आणि खाली मत लिहिले की, आठवडाभर मुलांकडून गणिते सोडवून घेते, रविवारी तेच करायला कोण येईल, आणि भीती तर औषधालाही नाही.

एकट्या नीळकंठरावांस हा भाग रुचला. कारण उघड आहे आणि लिहावयास संकोच नाही. पहिल्या दोन भागांत ते प्रेक्षक होते. या भागात दुसऱ्या-तिसऱ्या दारापाशीच लेकीने त्यांच्या हाती कंट्रोलर दिला आणि विचारिले, "बाबा, आता काय?" हा प्रश्न त्यांस लेकीने वर्षानुवर्षे केला नव्हता. त्या दिवशी ते रात्रीच्या भाताला पाणी घालावयाचे विसरले, इतके सुखी जाहले.

येणेप्रमाणे फौज तळघरातील बॉयलर-दालनात दाखल जाहली, आणि तेथे घोडे अडले. दालनात एक लोखंडी दार, दारावर एक मोठे चाक, चाकाशेजारी प्रेशरचा काटा, आणि काटा लाल पट्ट्यात. दुनियेतील यच्चयावत खेळाडूंनी चाक फिरविले, दार उघडले, पुढे गेले. इतरांनी त्यास कोडे म्हणोन ओळखलेदेखील नाही. परंतु हे पडले कारखान्याचे लोक. काटा लाल पट्ट्यात असता व्हॉल्व्हास हात लावणे नाही, आधी प्रेशर उतरवावे, परमिट काढावे, लाल पाटी टांगावी, मग चाकाकडे पाहावे, हा तेथील दस्तुर, आणि तो यांच्या हाडीमाशी खिळलेला. मग नीळकंठरावांनी सगळे बारीकसारीक नळ शोधून वाफ उतरवावी, आणि काटा खाली आला की खेळाने दारास कडी घालावी, आणि वाफ चढली की कडी निघावी, मग पुनः नळ, पुनः कडी. ऐसे कैक रविवार गेले. गंमत अशी की, खेळाच्या नावाने बोटे मोडणारा शंकरही या एका बाबतीत साहेबांच्या पाठीशी खंबीर उभा. "प्रेशर में कौन खोलता है, मरना है क्या?" ऐसे तो समोसा खाली ठेवून म्हणे. आणि बाई वसाहतीतच वाढलेल्या, त्यांसही प्रथम वेगळे सुचले नाही.

अखेरीस बाईंनी परक्या फौजांच्या मतांत हेरगिरी केली. तेथे त्यांनी कोणास तरी भीत भीत बॉयलरचे विचारिले, तो उत्तर आले की, कोणता बॉयलर, चाक फिरवा, झाले. बाई संतापल्या. अर्धा हिवाळा एका चाकापुढे गेला. त्यातच कोचिंगवाल्यांनी रविवारच्या जादा बॅचचा विडा पुढे केलेला, आणि बाईंनी तो अद्याप उचलिला नव्हता. मग पुढील रविवारी हात धुता धुता त्यांनी निर्वाणीचा हुकूम काढिला, तो असा की, आज दार उघडले तर उघडले, न उघडले तर खेळ बंद, आणि पुढल्या रविवारापासून आपण बॅच घेणार, मग यावयास सवड होईल न होईल.

बॅच म्हणजे काय, हे नीळकंठरावांस पक्के उमगले. रविवार गेला की वार सगळे सारखेच. मग पंखा आहे आणि आपण आहो.

मग मसलत बसली. बाईंनी चाकाकडे बोट दाखविले.

"उघडा की बाबा. हे खरं नाहीये."

"खरं नाही हे मला कळतं गं वैजू," राव म्हणाले, "हाताला कळत नाही."

यावर शंकरने तोड काढिली की, मुदत वाढवून घ्यावी, कारखान्यात नेहमी वाढवून मिळते. बाईंनी त्याजकडे असे पाहिले की तो समोशाच्या पिशवीत काही शोधू लागला.

मग नीळकंठराव उठले. चष्मा पुसला, बाह्या खाली करून मनगटाशी बटणे लाविली, आणि वाफ उसळली तर आडोसा असावा म्हणोन शंकरास जेवणाच्या टेबलामागे जाण्याचा हुकूम केला. हसण्याजोगी बाब, परंतु शंकर हसला नाही. तो त्याच विभागातला, निमूट टेबलामागे जाऊन उभा राहिला. मग रावांनी डाव्या हाताने लेकीस आपल्या पाठीशी ओढिले, उजव्या हातात कंट्रोलर धरिला, तोंड पडद्यापासून अर्धे वळविले आणि चाक फिरविले.

टीव्हीतून वाफेचा फूत्कार निघाला. चाक जड, फिरता फिरेना. काटा लाल पट्ट्यात थरथरे. इकडे रावांच्या कपाळी घाम सुटला, आणि लेकीच्या दंडावर त्यांची पकड इतकी घट्ट जाहली की बाईंस कळ आली, तरी त्यांनी हात सोडविला नाही. मग खट् ऐसा आवाज जाहला आणि लोखंडी दार उघडले. पलीकडे एक रिकामा बोळ. प्रेत नाही, रक्त नाही, काही नाही.

शंकर टेबलामागून बाहेर येऊन, "सब ठीक है ना साहब?" म्हणोन विचारू लागला आणि मग पाण्याचा तांब्या आणावयास स्वयंपाकघरात गेला. बाई बापाच्या तोंडाकडे पाहात राहिल्या. त्यांनी हे तोंड पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"बाबा, तुम्ही घाबरलात?"

"हो."

"प्लांटमध्ये पण अशीच भीती वाटते?"

नीळकंठरावांनी कंट्रोलर खाली ठेविला आणि घामेजले हात पायजम्यास पुसले.

"रोज," ते म्हणाले. "घाबरतो म्हणून तर रोज घरी येतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि त्यांनी ते लपविले नाही. लहानपणी संध्याकाळी स्कूटर खाली थांबली की बाबा आले, एवढेच त्यांस ठाऊक होते. बाबा रोज कोठून परत येतात, हे ठाऊक नव्हते. मग त्यांनी मोबाइल काढून पहिला फोन कोचिंगास लाविला आणि, "संडे को नहीं हो पाएगा सर, घर पे काम है," ऐसे बेलाशक सांगितले. मग मतांच्या मैदानात जाऊन आपला एक तारा मागे घेतला, पुरते पाच दिधले, आणि जुने मत पुसून नवे लिहिले की, या भागात भीती नाही म्हणणारांनी तो आपल्या बाबांच्या शेजारी बसून खेळावा. त्यावर परक्या फौजेतील कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. बाईंनी मोबाइल पालथा घातला.

लुटीत काय मिळाले म्हणाल, तर एक रिकामा बोळ. खर्ची काय पडले, तर शंकरचे समोसे थंड जाहले आणि त्याने ते तसेच खाल्ले. दार पडद्यावर सताड उघडे राहिले आणि आत कोणी गेले नाही, कारण लेकीने विचारिले, "पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडलात तेव्हा काय झालं होतं, बाबा?" आणि नीळकंठराव सांगू लागले, आणि शंकर मध्ये मध्ये साक्ष देऊ लागला, आणि बोलता बोलता वसाहतीतले दिवे लागले. येणेप्रमाणे बॉयलर-दालन सर जाहले, रविवार राखिला, आणि फत्ते चिंचाळकरांकडे रुजू जाहली. घडले तैसे लिहिले.