नाचणकरकाकांचं गिऱ्हाईक

पाणी आलं नाही की आमच्या बिल्डिंगमध्ये नाचणकरकाका गॅलरीत येऊन इंग्रजीतून ओरडायचे. बरं, इंग्रजी तरी एक असावं! खाली सेक्रेटरी शहाभाई दिसले तर लंडनच्या बड्या घरातलं, ओठ न हलवता बोलायचं. टँकरवाला दिसला तर टेक्ससचं, नाकातून. त्यात पाण्याचं 'वॉडर' व्हायचं. आणि टँकर आलाच नाही तर पूर्व लंडनच्या गोदीतलं, ज्यात मधला 'ट' गिळून नुसतं 'वॉ-अ' उरतं. शहाभाई हात जोडायचे, "नाचणकरभाई, पानी बोलो ना, पानी!"

काका मूळचे रत्नागिरीकडचे. मीरा रोडच्या एका कॉल सेंटरमध्ये ते पोरांना परदेशी गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं ते शिकवायचे. स्वतः कधी परदेशात गेले नाहीत. पण नुसतं 'हॅलो' ऐकून माणूस कुठल्या गावचा आणि बाप काय करतो, ते सांगायचे. खरं की खोटं, तपासायला कोण जाणार?

"नेहा, इंग्रजी एक नसतं गं," ते मला जिन्यात अडवून सांगायचे. माझं दूध गॅसवर, पण त्यांना काय त्याचं! "आपण 'आहे-नाही' म्हणतो, तिकडे समुद्रकाठच्या चौक गावात 'हाय-न्हाय' म्हणतात, आणि नया नगरात शिरलं की आपणच 'हाँ भाई' करतो. तस्संच तिकडे. ग्लासगोचा माणूस भांडतोय असं वाटतं, पण बिचारा फक्त वेळ विचारत असतो."

एकदा रिक्षात बसताना त्यांनी रिक्षावाल्याला ऑस्ट्रेलियन थाटात "गडाय, माईट!" केलं. त्याने शांतपणे मीटर टाकलं आणि मला विचारलं, "अंकल को कौनसे हॉस्पिटल ले जाना है?"

सुमनकाकू होत्या तोवर हा सगळा ताप त्यांच्या डोक्याला. त्या गेल्या त्याला दोनेक वर्षं झाली. तेरावं झालं आणि काका लगेच कामावर हजर. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, कमाल आहे बाई या माणसाची.

मग या वर्षी त्यांच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर आलं. पोरगा भाईंदरच्या इंग्रजीत बोलतो आणि गिऱ्हाइकाला थेट अमेरिकन ऐकू येतं. शिकवायची गरजच संपली. काकांना निरोपाचा केक मिळाला. तो त्यांनी हसत हसत बिल्डिंगभर वाटला. त्यानंतर मात्र गॅलरी गप्प झाली, पाणी नसलं तरी. शेवटी शहाभाईच विचारायला लागले, "नेहाबेन, काका गाँव गये क्या?"

मी अळूवड्या घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका टेबलाशी बसले होते, कानावर हेडफोन, आणि त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मला बघून ओशाळले.

"ये, बस. जरा गिऱ्हाईक होतेस का?"

"काय?"

"मॉक कॉल गं. सराव. एकाने गिऱ्हाईक होऊन तक्रार करायची, दुसऱ्याने समजूत काढायची. सुमन करायची ना, रोज जेवणं झाली की. मी ग्लासगोचं बोलायचो, ती मराठीतून भांडायची. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं तिला, पण रागवायची काय फर्मास! ती गेल्यावर ऑफिसातली पोरं रागवायची, सरावापुरती. तेवढं तरी होतं. आता माझ्यावर कोण रागावणार?"

वड्या बाजूला ठेवून मी समोरच्या खुर्चीत बसले आणि हात फोनसारखा कानाला लावला.

"हॅलो, माझा फ्रिज गार होत नाहीये."

काकांनी ग्लासगोच्या ढंगात माफी मागितली. मग मान हलवली. "मिळमिळीत झालं. नीट रागव गं."

मी आवाज चढवला. "अहो, काय चाललंय काय? कुणाचं लक्ष आहे का? होतात कुठे तुम्ही इतके दिवस?"

काकांनी तोंड उघडलं, पण इंग्रजी आलंच नाही. हेडफोन कानाशी घट्ट धरून ते हळूच म्हणाले, "इथेच होतो, मॅडम. कुणी फोनच केला नाही."