कुंदा सिस्टर आणि रिकामा रकाना

माझ्या पुतणीच्या लग्नात जेवणाची पहिली पंगत चाळीस मिनिटं उशिरा बसली. मुहूर्त वेळेवर लागला होता. भात तयार होता, वाढणाऱ्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. उशीर झाला तो हात धुण्याच्या नळापाशी. तिथे कुंदा सिस्टर उभ्या होत्या, मनगटावरचं घड्याळ नाकासमोर धरून.

"तळवे चोळा. आता मागची बाजू. आता बेचक्या. अंगठा! अहो, अंगठा राहिला. व्याही असलात म्हणून काय झालं, अंगठा सगळ्यांनाच असतो."

व्याही पनवेलचे, भारदस्त गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाकडे पाहिलं. त्यांनी अंगठा धुतला.

नंतर मी हिशेब केला. पहिल्या पंगतीला साठ माणसं, नळ एक, प्रत्येकी चाळीस सेकंद. चोवीसशे सेकंद, म्हणजे बरोब्बर चाळीस मिनिटं. आकड्यांत मला काही खोट काढता आली नाही. मी दिघीला एका गोदामाच्या वजनकाट्यावर काम करतो. जिथे आकडा जुळतो तिथे मी गप्प बसतो.

कुंदा सिस्टर आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका. खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा, मागे भातशेती, आणि मधल्या चढावर हे कौलारू केंद्र. सिस्टर घाटावरून बदली होऊन आल्या त्याला आता बावीस वर्षं झाली. तीन वर्षांत परत जाणार होत्या. ती तीन वर्षं अजून संपलेली नाहीत.

त्यांचं एक वाक्य साऱ्या गावाला पाठ आहे: "रकाना रिकामा नको." कुठल्याही कागदावर, कुठलाही रकाना. माहिती नसेल तर "माहिती नाही" लिहा. गैरलागू असेल तर आडवी रेघ मारा, पट्टीने मारा, आणि शेजारी लिहा "लागू नाही". चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. "खोडलेलंसुद्धा खरं असतं, मोकलभाऊ," त्या मला म्हणाल्या होत्या. मी हे वाक्य वजनकाट्यावर नेलं. साहेबांना आवडलं.

"लागू नाही" तर त्यांच्या बोलण्यातच उतरलं होतं. केंद्राचे नवे डॉक्टर, वय सव्वीस, त्यांनी विचारलं, "सिस्टर, डबा खाल्लात का?" "लागू नाही. चतुर्थी आहे." माझ्या बायकोने एकदा, बायका विचारतात तसं, विचारलं, "सिस्टर, लग्नाचं कधी मनात आलं नाही का हो?" सिस्टरनी चहाचा घोट घेतला. "लागू नाही, वहिनी. साखर जरा कमी चालली असती."

केंद्रामागच्या खोलीत त्या एकट्या राहतात. चहाच्या डब्यावर चिठ्ठी: उघडल्याची तारीख. मिठाच्या बरणीवर चिठ्ठी. खिडकीतल्या मांजरीच्या वाटीवर चिठ्ठी: "फक्त मांजरीसाठी". ही चिठ्ठी कोणासाठी, असं मी विचारलं. "तपासणीला कोणी आलं तर कळायला हवं," त्या म्हणाल्या.

आणि एक दिवस तपासणीला खरोखरच कोणीतरी येणार असं ठरलं.

झालं असं, की आमच्या केंद्राचं नाव गुणवत्ता मानांकनासाठी गेलं. मी रुग्ण कल्याण समितीचा सभासद, त्यामुळे मला हे आतून पाहायला मिळालं. बाहेरून दोन तपासनीस येतात. प्रसूतिकक्षापासून संडासापर्यंत सगळं बघतात. कर्मचाऱ्याला वाटेत थांबवून विचारतात, सुई टोचली तर काय करशील? रुग्णाला विचारतात, तुझ्याशी नीट बोलतात का? प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. शंभरात सत्तर आले तर मानांकन, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. जे कमी पडतं त्याला केंद्रात सगळे "गॅप" म्हणायचे.

सिस्टरच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. पुन्हा पहिल्यापासून करायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. "मी असेन त्या केंद्रात प्रमाणपत्र लागेल," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी नसेन त्या केंद्रात लागेल. दुसरं मला चालणार नाही."

मग जे सुरू झालं त्याला मी उत्सवच म्हणेन. भिंतीवर गॅपची यादी लागली: एकशे अठरा. रोज संध्याकाळी किती बुजल्या ते मी मोजायचो आणि खडूने फळ्यावर लिहायचो. एकशे नऊ. पंच्याण्णव. लसींच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं जाऊ लागलं. कचऱ्याला पिवळी, लाल, निळी, पांढरी अशा चार रंगांच्या बादल्या आल्या. प्रसूतिकक्षाला पडदा आला, दाराशी उतरण आली. गवंड्याने उतरण जरा उभी बांधली, तर सिस्टर स्वतः चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ढकला." मी ढकललं. वर चढेपर्यंत मला धाप लागली. उतरण फोडून पुन्हा बांधली. त्र्याहत्तर. एकेचाळीस. मला कामावर असताना फळ्याची आठवण यायची. आमच्या गावात इतकं काही कधी जुळून येत नव्हतं.

कोळीवाड्यातून सगळ्यात जास्त टर उडवायची ताराबाई. म्हावरं विकते, आवाज खाडीपलीकडे आगरदांड्यापर्यंत जातो. रोज सकाळी टोपली घेऊन केंद्रासमोरून जाताना ओरडायची, "काय गो शिस्टर, आज कंचा रकाना भरलास?"

"आधी हात धू आणि मग माझ्याशी बोल," सिस्टर आतून ओरडायच्या.

"हात धुवून म्हावरं विकलं त गिऱ्हाईक बोलंल, वास न्हाय, ताजं न्हाय!"

मग ताराबाई टोपली उतरवायची, नळावर जायची आणि हात धुण्याच्या सहाही पायऱ्या करायची, अंगठ्यासकट, तोंडाने शिव्या देत. नंतर तिचा रक्तदाब मोजला जायचा. सिस्टर आकडा सांगायच्या, ताराबाई बोंबील काढून द्यायची, सिस्टर घ्यायच्या नाहीत, ताराबाई पायरीवर ठेवून जायची. मांजरीची वाटी त्यानंतर भरलेली दिसायची.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं: शून्य.

सकाळी तपासनीस आले. एक बाई, चष्म्यातून बघणाऱ्या, आणि एक साठीचे वजनदार साहेब. वजनदार म्हणजे माझ्या अंदाजाने अठ्ठ्याण्णव किलो; माझा अंदाज सहसा दोन किलोंच्या पलीकडे चुकत नाही. दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग साहेबांनी कागद उलटला आणि म्हणाले, "आग लागल्याची तालीम करून दाखवा."

तयारी होती. पण विजेची घंटा दाबली आणि वीज गेलेली. सिस्टर डगमगल्या नाहीत. वीज जाईल हे त्यांनी धरलंच होतं. मच्छीमार सोसायटीचा जुना, हाताने फिरवायचा भोंगा त्यांनी लेखी अर्ज देऊन आणून ठेवला होता. सोसायटीच्या फळ्यावर नोटीसही लावली होती: तालीम आहे, भोंगा वाजेल, घाबरू नये. नोटीस मिळाल्याची पोच फाइलला होती.

डॉक्टरांनी भोंगा फिरवला. मी घड्याळ लावलं. एक गरोदर बाई, एक बाळंतीण, पाळण्यासकट तिचं बाळ, सलाइन लावलेले एक आजोबा, सगळे ठरल्या वाटेने आंब्याखाली. दोन मिनिटं दहा सेकंद! मी ओरडणार होतो.

तेवढ्यात चढावरून आवाज आला. आधी पायांचा, मग माणसांचा.

तो भोंगा कोळीवाड्यात एकाच गोष्टीसाठी वाजतो: होडी संकटात आहे. अख्खा कोळीवाडा आला. दोर घेऊन, बादल्या घेऊन, नारिंगी जाकिटं घालून. एकाने तर वल्हं आणलं होतं. "कुठं हाय? कोण हाय आत?" आत कोणीच नव्हतं. म्हणजे, वजनदार साहेब होते. ते प्रसूतिकक्षाच्या दारात कागदावर गुण लिहीत उभे होते. दोन खलाश्यांनी त्यांना काखेत धरलं, तिसऱ्याने पाय उचलले आणि तिघांनी मिळून ते अठ्ठ्याण्णव किलो आंब्याखाली बाळंतिणीच्या शेजारी नेऊन ठेवले. साहेब कागद सोडत नव्हते. ताराबाईने त्यांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. उगाच, खबरदारी म्हणून.

 बाळ तेवढं रडलं.

"नोटीस लावली होती," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "ताराबाई, नोटीस लावली होती. पोच आहे."

"वाचली व्हती गो," ताराबाई धापा टाकत म्हणाली. "मोठ्यानं वाचून दाखवली सगल्यांना. पन भोंगा वाजला त पाय थांबतात व्हय? आनी भोंगा तुज्या घरातून वाजला."

साहेबांनी तोंड पुसलं. कोरडा रुमाल बाईंनी दिला. मी सिस्टरकडे बघत होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दोन महिने, एकशे अठरा गॅप, आणि आता हे. पण तेवढ्यात त्यांची नजर खलाश्यांच्या हातांवर गेली. त्या हातांनी बाळाचा पाळणा धरला होता.

"सगळे नळावर!" त्या कडाडल्या.

आणि सगळे गेले. मी मोजले, एकशे बेचाळीस माणसं. रांगेने. तळवे, मागची बाजू, बेचक्या, अंगठा. वल्हंवाल्याने वल्हं काखेत धरून अंगठा धुतला. साहेब ओल्या कपड्यांनी रांगेपाशी गेले आणि एका खलाश्याला विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" तो म्हणाला, "लगनात शिकवलंय, सायेब. पंगतीच्या आधी."

साहेब हसायला लागले. वजनदार माणूस हसतो तेव्हा झाडाखाली बसलेल्यांनाही कळतं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. ब्याऐंशी! मी तो आकडा फळ्यावर इतक्या जोरात लिहिला की खडू तुटला. डॉक्टरांनी पेढे आणले, ताराबाईने केंद्रासमोर फुगडी घातली, सिस्टरनी दोन्ही गोष्टींसाठी हात धुवायला लावले.

निकालाबरोबर एक चिठ्ठी होती. एकच गॅप राहिली होती, महिन्याभरात बुजवायची. कर्मचाऱ्यांच्या फाइली तपासल्या होत्या त्यातली. प्रत्येक फाइलमध्ये एक रकाना असतो: आपत्कालीन प्रसंगी कोणाला कळवावे. एका कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये तिथे नाव नव्हतं.

"कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं. सिस्टरनी पेढ्याचा पुडा बंद केला आणि त्यावर तारीख घातली.

बाकीच्या गॅप सिस्टर एका दिवसात बुजवायच्या. ही सत्तावीस दिवस तशीच राहिली. फळ्यावर मी रोज तोच आकडा लिहीत होतो: एक.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. साक्षीदार म्हणून समितीच्या एका सभासदाची सही लागत होती. फाइल टेबलावर उघडी होती. त्या रकान्यात त्यांच्या आईचं नाव होतं. त्यावर एक रेघ, खालचं स्वच्छ वाचता येत होतं, बाजूला सही आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. त्याच्या खाली पट्टीने मारलेली आडवी रेघ. आणि शेजारी, त्यांच्याच अक्षरात, लागू नाही.

"रकाना रिकामा नव्हता," त्या म्हणाल्या. "गॅप कशी धरली कळत नाही."

 मी माझं नाव लिहा म्हणणार होतो, तेवढ्यात दारात टोपली उतरली. बाजारातून परतलेली ताराबाई आत डोकावली, टेबलाशी आली, फाइल उलटीकडून बघितली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि नोटिसा मोठ्याने वाचते.

"लागू न्हाय?" ती म्हणाली. "माजं नाव लिव. फोन टोपलीत असतो, पन उचलतंय मी."

सिस्टरनी पट्टी घेतली. "लागू नाही" वर एक रेघ मारली. सही, तारीख. नाव लिहिलं, नंबर लिहिला. पुढचा रकाना आला: नाते. तिथे पेन थांबलं. सवयीने माझी नजर घड्याळावर गेली. दहा सेकंद. वीस. चाळीस.

"लिव की," ताराबाई हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "रकाना रिकामा नको, तूच बोलतंस ना?"

सिस्टरनी लिहिलं: घरची.

मी साक्षीदाराच्या जागी सही केली. मान वर केली तेव्हा ताराबाईने त्यांचा पेनाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. म्हावरं कापून आलेले हात, खवल्यांसकट. फाइलच्या कोपऱ्याला दोन खवले चिकटले होते. नळ चार पावलांवर होता. मी वाट पाहिली, पण सिस्टर काही बोलल्या नाहीत.

मग मी फळ्यापाशी गेलो आणि एक पुसला.